काच बदलून देणे

मुळमुळे काका आले तेव्हा केळीबाग रोड असा तापलेला
की दुकानातले देवही काचेआड घामेजलेले वाटत होते.
"फुटली. काच तेवढी बदलून द्या.
हिच्या खोलीतलं आहे."

ही म्हणजे कार्तिकात गेलेल्या कमलिनीबाई.
त्यांचा फोटो मीच मढवला होता,
चंदनाच्या हाराला वर दोन खिळे जास्तीचे ठोकून.

हे चित्र वीतभर.
कुठल्याशा फ्रेंच पुस्तकातून सुटलेलं पान,
डाव्या कडेला शिवणीची तीन भोकं,
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत
एका कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात कोरणाऱ्याचं.
अडीचशे वर्षांचं असेल, काका म्हणाले,
हिच्या मामांनी पाँडिचेरीहून आणलेलं.

खुर्चीत नवरा पेंगतो आहे, टोप कलता,
मांडीवर हिशेबाची वही.
त्याच्या पाठीशी बायको, हात मागे नेलेला,
त्या हातातली चिठ्ठी मोलकरीण घेते आहे.
आणि घडीच्या पडद्याखालून
एका बुटाचं टोक.

दुकानात जो आला तो आधी बुटाला हसला.
मी मोलकरणीकडे बघत बसले.
तिचं एक बोट ओठांवर,
पण कुणाला गप्प करते आहे?
खोलीत तर कुणीच बोलत नाही.
ती इकडे बघते आहे, काचेच्या या बाजूला.

बाबा सांगायचे, तांब्यावर कोरलेल्या चित्रात काळं असं काही नसतं,
रेघेवर आडवी रेघ टाकत गेलं की अंधार होतो.
आणि उजेड म्हणजे
जिथं कोरणाऱ्यानं हातच लावला नाही.
ती चिठ्ठी, बघ, नुसता कोरा कागद.
सगळं चित्र जिच्यापायी, तिथं त्यानं काहीच केलेलं नाही.

पाठ उघडली.
गंजके खिळे, कसरीनं चाळणी केलेला पुठ्ठा,
पुठ्ठा आणि चित्र यांच्या मधे
पोस्टाचं पासबुक.

पार्बता सदाशिव शेंडे, घरकाम.
सहीच्या जागी अंगठा,
त्यातही रेघांना लागून रेघा.
दरमहा पंधरा. कधी वीस.
दिवाळीच्या महिन्यात पाच.
समासात पेन्सिलीनं बेरजा पडताळलेल्या,
ते बारीक, तिरपं वळण अंगठेवालीचं नव्हे.
आमच्या जुन्या बिलांवर तेच आहे: क. मुळमुळे.

अकरा वर्षं.
मग सतरा जून एकोणऐंशी, एकाच दिवशी सगळे काढलेले.
शिल्लक शून्य.

कुणाचं ऑपरेशन, कुणाचं तिकीट,
पार्बताच्या घरावरची कौलं,
की पडद्यामागे खरंच कुणी होतं?
कूलरसमोर बसून मी दोन दुपारी तेच तेच कोरत राहिले,
आडवं, उभं, पुन्हा आडवं.
आणि एजी ऑफिसात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या हिशेबातला रुपया पकडणारे काका
याच भिंतीसमोर रोज पेपर वाचत होते.

आई म्हणाली, "देऊन टाक न वं.
काहून ठेवून राहिली दुसऱ्याचं?"

मी ठेवलं नाही.
होतं तिथंच सरकवलं,
नवा पुठ्ठा, नवे खिळे,
तपकिरी कागदाची पट्टी, मैद्याची खळ.

काकांनी चित्र उजेडाकडे धरलं. बराच वेळ.
मग उलटं केलं, पट्टीवरून अंगठा फिरवला.
"मागचं जसं होतं तसंच आहे ना?"

नव्या काचेतून मी पहिल्यांदा नीट पाहिलं:
पेंगणाऱ्या नवऱ्याची पापणी एका रेघेची नाही.
दोन रेघा आहेत,
आणि मधे केसाएवढी
न कोरलेली जागा.

"तसंच आहे," मी म्हणाले.

दीडशे झाले होते. त्यांनी दोनशे दिले.
पन्नास त्यांनी मागितले नाहीत.
मीही गल्ल्याकडे हात नेला नाही.